शिक्षकाची विद्यायात्रा आणि तिचे ऋण

भांडुपच्या इतिहासात १९५० हे वर्ष विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी मुंबईच्या नगरपालिकेची हद्द वाढविण्यात आली आणि ती आजच्या मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत, तर पश्चिम रेल्वेच्या बाजूस जोगेश्वरीपर्यंत येऊन थांबली. पुढे १९५७ मध्ये ती मुलुंड व दहिसरपर्यंत गेली. मधली सात वर्षे भांडुप हे मुंबईचे शेवटचे टोक होते. त्याच १९५० सालच्या २ फेब्रुवारी रोजी दिल्लीत आणखी एक गोष्ट घडली. भारत व अमेरिका या दोन सरकारांनी एक करार करून उभय देशांतील अध्यापक, विद्यार्थी व संशोधक यांच्या देवघेवीचा पाया घातला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नव्हता. तथापि पाऊणशे वर्षांनंतर मागे वळून पाहता असे दिसते की, भांडुपच्या शाळेतील शिक्षकापुढे त्या एकाच वर्षी दोन दारे उघडली. एक मुंबईचे, दुसरे जगाचे. पहिल्या दारातून आपला समाज रोज ये-जा करतो. दुसरे दार उघडे आहे याची वार्ताही आपल्यापैकी पुष्कळांच्या कानी गेलेली नाही. म्हणून या विद्यायात्रेचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शिकविणाऱ्याने स्वतः शिकण्यासाठी परदेशी जावे, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला आणि ठिकठिकाणी व्याख्याने देऊन आपल्या नियोजित कार्यासाठी साहाय्य मिळविले. बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य करण्याचे पत्करले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. अमेरिकेतील शाळा, समाज व स्त्रियांची स्थिती यांविषयी त्यांनी त्याच वर्षी मराठीत ग्रंथही प्रसिद्ध केला. परदेशी शिकलेली विद्या स्वदेशी शाळेत उतरली आणि पाहिलेले जग स्वभाषेत आले, असे हे दुहेरी फळ होय.

दुसरे उदाहरण कोकणातील. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांस हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली व ते १८९६ मध्ये केंब्रिजला गेले. १८९९ मध्ये ते गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्या काळी त्यांस सरकारी नोकरीत मोठे वेतन सहज लाभले असते. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करण्याचे वचन दिलेले होते, ते त्यांनी पाळले. ते आजीव सदस्याच्या अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि १९०२ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. त्यांचेच आप्त धोंडो केशव कर्वे हे १९२९ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, युरोपास निघाले आणि डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नव्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांच्या जागतिक परिषदेस हजर राहिले. ज्या वयात इतर लोक नातवंडांत रमतात, त्या वयात हा वृद्ध शिक्षक परक्या देशांतील शिक्षक काय करतात हे पाहत हिंडत होता.

तिसरे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे, आणि ज्ञातिसंस्थेच्या अंकात ते आवर्जून सांगितले पाहिजे. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणास कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. कोलंबियात त्यांस जॉन ड्युई यांच्यासारखे शिक्षणतत्त्वज्ञ गुरू लाभले. १९१७ मध्ये ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. परंतु ज्या नगराने त्यांस सातासमुद्रापार धाडले, त्या नगरात अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवसही फार टिकले नाहीत. तेथून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले आणि ते मुंबईस परतले.

या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. शिष्यवृत्तीच्या करारात ऋण एकाच बाजूचे लिहिलेले असते. शिकलेल्याने परत यावे व सेवा करावी, एवढेच त्यात नमूद असते. परत आलेल्यास जागा द्यावी हे समाजाचे ऋण कोठेच लिहिलेले नसते, आणि बडोद्यात तेच बुडाले. आंबेडकरांनी मात्र आपले ऋण निराळ्या रीतीने फेडले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या उच्च व परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची तरतूद करून घेतली. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. एका शिष्यवृत्तीतून अनेक शिष्यवृत्त्या निघाल्या.

येथवरच्या कथा थोर व्यक्तींच्या झाल्या. सामान्य शिक्षकास परदेशी जाण्याची वाट दुसऱ्या महायुद्धानंतर मोकळी झाली. अमेरिकेत १९४६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. परदेशी पडून राहिलेले युद्धसाहित्य विकून येणारा पैसा शिक्षणाच्या देवघेवीस लावावा, अशी त्यामागील योजना होती. तोफांच्या मोलातून पाठ्यक्रम निघावेत, यापरता चांगला विनियोग तो कोणता? भारताशी झालेला १९५० चा करार त्याच कायद्याखालचा. २००८ मध्ये नवा करार होऊन भारत सरकार खर्चात बरोबरीचे भागीदार झाले आणि या शिष्यवृत्तीस नेहरूंचेही नाव जोडले गेले. राष्ट्रकुलातील देशांनी १९५९ मध्ये ऑक्सफर्ड येथे परिषद भरवून आपली शिष्यवृत्ती-योजना आखली. जपान सरकारही शाळांतील तरुण शिक्षकांस सुमारे दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी बोलावीत आले आहे. त्यासाठी अध्यापनाचा निदान पाच वर्षांचा अनुभव असावा आणि वय पस्तिशीच्या आत असावे, असा नियम आहे.

परतण्याची जुनी अट येथेही सुटलेली नाही. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेलेल्याने तेथे स्थायिक होण्याचा विचार करण्यापूर्वी निदान दोन वर्षे स्वदेशी राहिले पाहिजे, असा निर्बंध आहे. परांजप्यांचे वचन व बडोद्याचा करार यांचेच हे नवे रूप.

या वाटेवर अडचण कोठे येते, हे अलीकडच्या एका घटनेवरून दिसते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० मध्ये दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. पुढे त्यांस फुलब्राइट शिष्यवृत्ती लाभली, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या दीर्घ रजेचा प्रश्न वृत्तपत्रांतून गाजला. राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातले तेव्हा तो मार्गी लागला. त्यात चूक कोणाची, याचा निवाडा आम्हांस करावयाचा नाही. परंतु जगन्मान्य शिक्षकाचा अर्ज जर रजेपाशी अडखळतो, तर भांडुपच्या एखाद्या अनुदानित शाळेतील नाव नसलेल्या शिक्षिकेचे काय होईल, याचा विचार आपण केला पाहिजे.

अर्जाचे स्वरूप फारसे गूढ नाही. आपण वर्गात काय करतो, परदेशी काय शिकावयाचे आहे आणि परतल्यावर ते कोणास शिकविणार, या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे निबंधरूपाने लिहावयाची असतात. सोबत मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र, संस्थेची अथवा महानगरपालिकेची रजेविषयीची संमती, पारपत्र, इंग्रजीची परीक्षा व मुलाखत. तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळांचे अर्ज ढिले पडतात. वास्तविक त्याचे उत्तर भांडुपच्या शिक्षकापाशी तयार असते. एका बाकावर तीन मुले, घरी अभ्यासास जागा नाही, वडील पाळीवर गेलेले, आई धुणीभांडी करून दमलेली, अशा मुलांस शिकविण्याचा अनुभव हीच त्याची खरी पूंजी होय. ती त्याने संकोच न करता मांडावी. प्रत्येक योजनेच्या अटी व मुदती वर्षावर्षाने बदलतात, म्हणून त्या अर्जापूर्वी मूळ कार्यालयाकडून पडताळून घ्याव्यात.

कोकणातून व घाटावरून भांडुपच्या कारखान्यांत आलेल्या आपल्या वाडवडिलांनी पोटास चिमटा घेऊन मुलांना शाळेत धाडले. त्यांच्या देणग्यांवर शिष्यवृत्ती-निधी उभे राहिले. ते आजवर विद्यार्थ्यांपुरते राहिले, हे त्या काळास योग्यच होते. आता त्यात शिक्षकांसाठी एक लहानसे खाते उघडावे, अशी आमची समाजास नम्र सूचना आहे. परीक्षेचे शुल्क, पारपत्राचा खर्च, अर्ज तपासून देणारा एखादा अनुभवी प्राध्यापक आणि रजेसाठी संस्थाचालकांकडे जाऊन शब्द टाकणारे दोन वडीलधारे, एवढ्याने काम भागेल. एक विद्यार्थी शिकला तर एक घर सुधारते. एक शिक्षक शिकून परतला तर दरवर्षी त्याच्यापुढे नवा वर्ग येऊन बसतो. तो परतेल तेव्हा त्यास शाळेत जागा असावी, त्याचे बोलणे ऐकून घेतले जावे, एवढे आपल्या बाजूचे ऋण आपण आधीच मान्य करून ठेवावे. बडोद्यास जे फेडता आले नाही, ते फेडण्याची संधी अजून आपल्या हाती आहे.