टंचाईतून घडलेले भय : 'रेसिडेंट ईव्हिल' (१९९६) आणि घरगुती कन्सोलवरील झॉम्बी-खेळाचा इतिहास

सारांश

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने मार्च १९९६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या घरगुती कन्सोलसाठी 'बायोहॅझर्ड' हा खेळ प्रसिद्ध केला. जपानबाहेर तो 'रेसिडेंट ईव्हिल' या नावाने ओळखला जातो. या खेळातील भयाचा उगम चालत्या प्रेतांपेक्षा साधनांच्या टंचाईत अधिक आहे, आणि ही टंचाई यंत्राच्या मर्यादा, बाजारपेठेची गरज व रचनाकारांची निवड या तिन्हींतून घडली आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. त्याचबरोबर, वेठीच्या श्रमातून जन्मलेल्या झॉम्बी या प्रतिमेचा मूळ अर्थ या खेळात कोणत्या स्वरूपात टिकून राहिला, याचाही शोध घेतला आहे.

बीजशब्द : झॉम्बी, हैती, घरगुती कन्सोल, टंचाई, सर्व्हायव्हल हॉरर.

प्रस्तावना

करमणुकीच्या साधनांचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचाच एक भाग आहे, ही गोष्ट नाटक, तमाशा आणि चित्रपट यांच्याबाबत मराठी अभ्यासकांनी केव्हाच मान्य केली आहे. व्हिडिओ गेमला मात्र ही मान्यता अद्याप पुरेशी लाभलेली नाही. 'मुलांचा वेळ घालवणारा उद्योग' एवढ्यावरच त्याची चर्चा बहुधा संपते. वास्तविक खेळ हाही एक दस्तऐवज आहे. त्यात तो घडवणाऱ्यांच्या काळाचे तंत्रज्ञान, व्यापार आणि भीती यांची नोंद झालेली असते. या दृष्टीने एका खेळाचे वाचन करण्याचा प्रयत्न येथे केला आहे. 'रेसिडेंट ईव्हिल'ची निवड करण्याचे कारण असे, की 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नामाभिधान याच खेळामुळे रूढ झाले आणि पुढील खेळांनी त्याचा साचा उचलला.

झॉम्बी : उसाच्या मळ्यापासून पडद्यापर्यंत

मराठी वाचकाला भुताखेतांची ओळख नवी नाही. मुंजा, हडळ, खवीस यांपैकी प्रत्येकाला काही पूर्वकथा असते, अपुरी राहिलेली इच्छा असते. प्रेतात वास करणारा वेताळ तर राजाला कोडी घालतो आणि उत्तराची अपेक्षा ठेवतो. झॉम्बी या सर्वांहून वेगळा आहे. त्याला नाव नाही, वाणी नाही आणि स्वतःची इच्छाही नाही. हे वेगळेपण त्याच्या जन्मस्थानाशी निगडित आहे.

कॅरिबियन समुद्रातील सेंट-डोमिंग ही फ्रेंच वसाहत अठराव्या शतकात साखर आणि कॉफीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होती, आणि ते उत्पादन आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे होते. १७९१ मध्ये तेथे गुलामांचा उठाव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र अस्तित्वात आले. हैतीच्या लोकसमजुतीतील झॉम्बी माणसे खात नाही. कोणा मांत्रिकाने थडग्यातून उठवून कामाला जुंपलेला तो मनुष्य असतो. मृत्यूने तरी वेठीतून सुटका होईल, ही गुलामाची अखेरची आशाही जेथे हिरावली जाते, ती अवस्था म्हणजे झॉम्बी. भय त्याच्याकडून नसे. आपण झॉम्बी होऊ, याचे असे.

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. याच काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रुक यांचे 'द मॅजिक आयलंड' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. हे पुस्तक सनसनाटी वळणाचे आहे, परंतु त्यातील एक कथा लक्षणीय आहे : मेलेली माणसे हेशियन-अमेरिकन शुगर कंपनीच्या उसात राबत असल्याची. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटातही साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारे झॉम्बी दिसतात. म्हणजे अमेरिकेत पोहोचला तेव्हाही झॉम्बी हा मजूरच होता.

हे रूप बदलले ते १९६८ मध्ये. जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने मांसभक्षक, संख्येने वाढत जाणारा आणि कोणत्याही मालकाविना भटकणारा मृत प्रचारात आणला. त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द उच्चारलेलाही नाही. वितरकाने ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलले, तेव्हा स्वामित्वहक्काची सूचना गळून पडली आणि तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. परिणामी ही प्रतिमा कोणालाही वापरता आली. मजुराचा मालक या स्थित्यंतरात नाहीसा झाला, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

यंत्राच्या मर्यादा आणि रचनेची निवड

कॅपकॉमने १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी 'स्वीट होम' हा खेळ काढला होता. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावर तो आधारलेला होता आणि त्याचे दिग्दर्शन तोकुरो फुजिवारा यांनी केले होते. पछाडलेला वाडा, त्यात अडकलेली पाच माणसे, प्रत्येकाजवळ मोजक्याच वस्तू ठेवण्याची मुभा, मागे राहिलेल्या चिठ्ठ्यांतून उलगडणारी हकिकत आणि एकदा मेलेले पात्र कायमचे जाणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. पुढे फुजिवारा हे 'बायोहॅझर्ड'चे निर्माते झाले. त्याची कल्पना प्रारंभी 'स्वीट होम'चीच नवी आवृत्ती अशी होती. दिग्दर्शनाची जबाबदारी शिंजी मिकामी यांच्याकडे आली.

३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी २ मेगाबाइट होती. वाड्याच्या आतील भागाचे नक्षीदार त्रिमितीय चित्रण क्षणोक्षणी नव्याने रेखाटणे या यंत्राला पेलणारे नव्हते. पात्राच्या डोळ्यांनी वाडा दाखवण्याचा सुरुवातीचा विचार सोडून देण्यात आला आणि पार्श्वभूमीची चित्रे आधीच तयार करून त्यांवर केवळ पात्रे हलती ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. १९९२ मध्ये फ्रान्समधील इन्फोग्राम्सच्या 'अलोन इन द डार्क' या संगणकीय खेळात फ्रेडरिक रेनाल यांनी ही पद्धत वापरली होती.

या तडजोडीचे फलित अनपेक्षित होते. चित्र आधीच ठरलेले असल्याने कॅमेराही स्थिर राहिला. वळणापलीकडे काय आहे ते खेळाडूला दिसत नाही. घसटत चालल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काळ्या पडद्यावर हळूहळू उघडणारे दार दिसते. तबकडीवरून पुढील खोलीची माहिती वाचण्यास यंत्राला लागणारा वेळ त्या दाराआड झाकला जातो. पण खेळाडूच्या दृष्टीने तो प्रतीक्षेचा काळ असतो. यंत्राची असमर्थता येथे भयनिर्मितीचे साधन बनली.

खेळण्याची प्रक्रिया

खेळाडू रकून सिटी या काल्पनिक शहराच्या विशेष पोलीस पथकातील ख्रिस किंवा जिल यांपैकी एकाची भूमिका घेतो. ख्रिसला एका वेळी ६ वस्तू बाळगता येतात, जिलला ८. या मोजक्या जागांत पिस्तूल, गोळ्या, जखमेवरच्या औषधी वनस्पती आणि कुलपांच्या किल्ल्या, सर्व काही बसवावे लागते. उरलेले सामान ठरावीक खोल्यांतील पेटीत ठेवावे लागते. प्रत्येक झॉम्बीला मारावे एवढ्या गोळ्या हाती नसतात. त्यामुळे प्रत्येक वेळी प्रश्न उभा राहतो : याला मारावे, की बगल देऊन पुढे जावे? मारल्यास गोळ्या संपतात. सोडल्यास परतीच्या वाटेवर तो तेथेच उभा असतो.

खेळातील प्रगती जतन करण्याची सोयही अशीच मोजून दिलेली आहे. वाड्यात काही ठिकाणी जुने टाइपरायटर आहेत आणि प्रत्येक नोंदीसाठी शाईची एक रिबन खर्च होते. या रिबनी मर्यादित असतात. आपल्या श्रमाची नोंद केव्हा करावी, हाही त्यामुळे काटकसरीचा प्रश्न होतो. दोन तास खेळून नोंद न करता मेलेल्या खेळाडूचे ते दोन तास खरोखरच वाया जातात. पडद्यावरील पात्राची भीती आणि दिवाणखान्यात बसलेल्या माणसाची भीती या ठिकाणी एक होतात. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला असे काही गमवावे लागत नाही. घरगुती कन्सोलवरील भयाचे वेगळेपण नेमके येथे आहे. महिनाअखेरीस उरलेल्या धान्यावर घर चालवणाऱ्या गृहिणीच्या हिशोबाशी या खेळाचे नाते जितके जवळचे आहे, तितके युद्धाच्या खेळाशी नाही.

बाजारपेठेचा प्रभाव

टंचाईचे तिसरे कारण व्यापारी होते. अमेरिकेत त्या काळी व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून गेमही भाड्याने मिळत. एखादा ग्राहक दोन-तीन दिवसांत खेळ संपवून परत करील आणि विकत घेणार नाही, ही निर्मात्यांची चिंता होती. म्हणून अमेरिकन आवृत्ती मूळ जपानी आवृत्तीपेक्षा कठीण करण्यात आली. नेम आपोआप साधला जाण्याची सोय काढण्यात आली आणि शाईच्या रिबनी कमी करण्यात आल्या. एकाच खेळातील भयाची मात्रा दोन देशांत भिन्न ठेवली गेली आणि त्यामागचा हेतू विक्रीचा होता. कलाकृतीच्या रूपावर वितरणव्यवस्थेचा परिणाम कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण होय. कॅपकॉमच्या आकडेवारीनुसार प्लेस्टेशनवरील पहिल्या खेळाच्या सुमारे २७.५ लाख प्रती विकल्या गेल्या. जानेवारी १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या विक्रीने सुमारे ५० लाखांचा टप्पा गाठला. त्या दुसऱ्या भागाची जपानमधील दूरचित्रवाणीवरील जाहिरात स्वतः रोमेरो यांनी दिग्दर्शित केली होती.

कागदपत्रांतील मजूर

वाड्यात काय घडले हे खेळाडूला कोणी सांगत नाही. विखुरलेली पत्रे, अहवाल आणि रोजनिशी वाचून त्याला ते जुळवावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परिचयाची वाटेल. यांतील सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे प्राण्यांची निगा राखणाऱ्या एका नोकराची रोजनिशी. सुरुवातीस तो सहकाऱ्यांबरोबर पत्ते खेळल्याची नोंद करतो. पुढे प्रयोगशाळेत अपघात होतो, त्याला संरक्षक पोशाख घालण्यास सांगितले जाते, अंगाला खाज सुटते. तो बाहेर जाऊ पाहतो, तेव्हा कोणालाही आवाराबाहेर सोडू नये असा कंपनीचा हुकूम असल्याचे सांगून पहारेकरी त्याला अडवतो. दूरध्वनी करण्याचीही मुभा नसते. दिवसागणिक वाक्ये आखूड होत जातात आणि शेवटी केवळ एक-दोन शब्द उरतात. ही रोजनिशी ज्या खोलीत सापडते, त्याच खोलीतून तो झॉम्बी होऊन बाहेर येतो.

कथेनुसार या सर्वाला अम्ब्रेला ही औषधनिर्माण कंपनी आणि तिने गुप्तपणे तयार केलेला विषाणू कारणीभूत आहे. रोमेरोंच्या चित्रपटात नाहीसा झालेला मालक येथे कंपनीच्या रूपाने परत आला आहे. सीब्रुक यांच्या कथेतही एक कंपनी होती आणि आवाराबाहेर जाण्याची मुभा नसलेला श्रमिक होता. हे साम्य हेतुपुरस्सर आहे, असा दावा येथे नाही. झॉम्बीला जन्म देणारी परिस्थिती, म्हणजे कामावरून सुटका नसणे, ही प्रतिमेबरोबर प्रवास करीत राहिली, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

टंचाईचा अस्त आणि पुनरागमन

२००५ मध्ये मिकामी यांनीच दिग्दर्शित केलेल्या चौथ्या भागाने हा साचा मोडला. कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, मारलेले शत्रू गोळ्या मागे ठेवू लागले आणि शस्त्रे विकणारा व्यापारीही भेटू लागला. खेळ अत्यंत लोकप्रिय झाला, पण भयाची जागा झुंजीने घेतली. त्यातील शत्रू परंपरागत झॉम्बीही नव्हते.

२००९ चा पाचवा भाग आफ्रिकेतील एका काल्पनिक प्रदेशात घडतो. कृष्णवर्णीय जमावावर गोळ्या झाडणाऱ्या गोऱ्या नायकाचे चित्रण २००७ च्या जाहिरात-चित्रफितीत दिसले, तेव्हा त्यावर वंशभेदाच्या अंगाने तीव्र टीका झाली. आफ्रिकी गुलामांच्या वेदनेतून जन्मलेली प्रतिमा आफ्रिकेत परतली ती नेम धरण्याचे लक्ष्य म्हणून. टंचाई होती तोवर प्रत्येक झॉम्बीपुढे थांबून विचार करणे भाग होते. विपुलता आल्यावर तो विचार अनावश्यक ठरला, आणि समोरचा कोण होता हे विसरणे सोपे झाले.

२०१७ च्या सातव्या भागात आणि २०१९ मध्ये नव्याने घडवलेल्या दुसऱ्या भागात मर्यादित साधनांची रचना पुन्हा स्वीकारण्यात आली. २०१९ च्या खेळात सर्वांत कठीण पातळी निवडणाऱ्यास शाईची रिबनही परत मिळाली. आता यंत्राची कोणतीही अडचण उरलेली नव्हती. टंचाई ही जाणीवपूर्वक केलेली निवड होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, 'रेसिडेंट ईव्हिल'मधील भय हे यंत्र, बाजारपेठ आणि रचनाकार या तिन्हींच्या परस्परक्रियेतून घडले. त्याचे श्रेय केवळ प्रतिभेला किंवा केवळ तंत्रज्ञानाला देता येत नाही. दुसरी, घरगुती कन्सोलने भयाला खेळाडूच्या स्वतःच्या वेळेची किंमत जोडली. तिसरी, झॉम्बी ही प्रतिमा ऐतिहासिक आहे आणि तिच्या मुळाशी गुलामगिरीची स्मृती आहे.

ही प्रतिमा आता आपल्या भाषेतही आली आहे. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाने ती डोंबिवलीत आणली, आणि तेथेही उंच इमारत व झोपडवस्ती यांतील अंतर कथेच्या केंद्रस्थानी राहिले. आपल्या वर्गांतील अनेक विद्यार्थी हे खेळ खेळत मोठे झाले आहेत. पडद्यावरील ज्या प्रेतावर ते नेम धरतात, ते कोणे एके काळी उसाच्या मळ्यात राबणारा मनुष्य होते, हे त्यांना सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे. वाड्यातील त्या नोकराची रोजनिशी वाचलेल्या विद्यार्थ्याला ते समजण्यास फारसा वेळ लागणार नाही.