फाटलेल्या आवाजाचं घराणं

भाऊबीज सरली की नागझिऱ्याच्या जंगलाभोवतीच्या गावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक. धानाच्या मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप उभा राहतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही संवाद ऐकू गेला पाहिजे, म्हणून साऊंडवाला आवाज चढवत नेतो. नायकाने ऐन टिपेला सूर लावला की भोंगा चिरकतो आणि मंडपातून कुणीतरी ओरडतं, ‘आवाज फाटून राहिला ना भाऊ!’ भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत साऊंडवाल्याचं कसब एकाच गोष्टीवर जोखलं जातं: आवाज मोठा हवा, पण फाटता कामा नये.

गिटारवाल्यांचं उलटं आहे. हाच फाटका आवाज मिळावा म्हणून ते पायाशी ठेवायची, मुठीएवढी धातूची डबी विकत घेतात आणि कोणती डबी घ्यावी यावर रात्र रात्र वाद घालतात. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. वादाचा विषय बहुतेक वेळा ‘क्लासिक रॉकचा टोन’ हा असतो, म्हणजे साधारण १९६५ ते १९८० या काळातल्या रेकॉर्डवरचा जाडसर, किंचित खरखरीत, तरीही गाता आवाज. ही डबी निवडायची तर तिचं कूळ ठाऊक असलेलं बरं, कारण यातल्या जवळजवळ प्रत्येक डबीच्या मुळाशी कुठल्या तरी बिघाडाची नक्कल आहे.

आधी फाटणं म्हणजे काय ते पाहू. अँप्लिफायर येणारी लहर मोठी करतो, पण त्यालाही मर्यादा असते. ती ओलांडून लहर आत ढकलली की तिचे माथे कापले जातात, वरखाली सपाट होतात. या कापण्यातून मूळ लहरीत नसलेले स्वरांश जन्माला येतात, कानाला आवाज भरीव आणि तिखट लागतो. व्हॉल्व्हचा अँप माथे हळूहळू, गोलाई ठेवून दाबतो. ट्रान्झिस्टरचा अँप बहुधा एकदम छाटतो. आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मोठा स्वर दाबला जातो आणि विरत चाललेला स्वर तेवढाच उचलला जातो, त्यामुळे छेडलेली तार लवकर मरत नाही. छेडून वाजवायचं वाद्य फुंकून वाजवायच्या वाद्यासारखं लांब श्वास घ्यायला लागतं.

अमेरिकेत हा आवाज रेकॉर्डवर आला तो अपघातानेच. १९५१ साली मेम्फिसमध्ये आइक टर्नरच्या मंडळींनी ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा गिटारवादक विली किझार्टचा अँप वाटेत खराब झाला होता. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. सॅम फिलिप्सने फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवलं आणि तो घरघरता आवाज तसाच रेकॉर्डवर गेला. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने नशिबावर न विसंबता दाढीच्या पात्याने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद चिरला. ‘यू रिअली गॉट मी’मधली गिटार ती.

पण डबीचा खरा जन्म नॅशव्हिलचा. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या वेळी ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सिंगच्या मेजावरच्या त्या वाहिनीचा ट्रान्सफॉर्मर नेमका बिघडला. आवाज विचित्र भुणभुणता आला. तो काढून टाकायचा की ठेवायचा यावर विचार झाला आणि ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं. मग दुसरे वादकही तोच आवाज मागायला लागले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने बिघाडाची नक्कल करणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बांधलं, ते गिब्सन कंपनीला दिलं आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आला. त्याची जाहिरात वाचण्यासारखी आहे: या डबीने गिटार ट्रम्पेटसारखी, ट्युबासारखी वाजेल! गिऱ्हाइकांना ते पटलं नाही. डब्या दुकानांत पडून राहिल्या. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्‌सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती प्रसिद्ध ओळ या डबीतून वाजवली, तीही ब्रास वाद्यांसाठी जागा दाखवणारा कच्चा खर्डा म्हणून. खर्डाच रेकॉर्ड होऊन बाहेर पडला आणि मग दुकानांतला माल उडाला. ब्रासची नक्कल करायला निघालेली वस्तू तशीच विकली गेली असती तर आज तिचं नाव कुणाला आठवलंही नसतं.

तारेच्या स्वच्छ स्वरात मुद्दाम खर मिसळण्याची कल्पना मात्र नॅशव्हिलहून फार जुनी आहे, आणि तिचं एक मोठं ठाणं महाराष्ट्रात आहे. मिरजेत. तिथले तंतुवाद्यं घडवणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी ओसरली आणि फरीदसाहेबांपासून पुढच्या पिढ्या सतार-तंबोऱ्याकडे वळल्या. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, हात मिरजेचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वाद्याचा जीव जवारीत, म्हणजे घोडीवर घडवलेल्या झंकारात, असतो. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरून निघताना प्रत्येक कंपनात घोडीला पुन्हा पुन्हा घासते आणि स्वर झंकारत उमलतो. कारागीर कानशीने एकेक फेरा मारतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी खुली हवी की बंद, हे गवयाच्या गळ्यावर ठरतं. शेवटचं काम दोऱ्याचं: तार आणि घोडी यांच्यात सुताचा धागा सरकवायचा आणि केसभर पुढेमागे करत झंकार नेमका जागेवर आणायचा.

सी. व्ही. रामन यांना या घोडीने चक्रावून टाकलं होतं. १९२१ च्या त्यांच्या निबंधात भारतीय तंतुवाद्यांविषयी लिहिताना त्यांनी नोंदवलं की तार ज्या बिंदूवर छेडली असता काही स्वरांश उमटायलाच नकोत, तिथे छेडली तरी तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. कारण तेच: लहरीला मोकळं हलू न देणारी एक हद्द. मिरजेत ती हद्द हाडाची किंवा शिसमाची असते, गिटारच्या डबीत ती डायोडची असते. जवारीला कुणी बिघाड म्हणत नाही, एवढाच फरक.

ब्रिटनमध्ये १९६० नंतर दरवेळी बिघाड करावा लागत नव्हता, अँप पुरेसा मोठा केला की पुरत होतं. लंडनच्या हॅनवेलमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ मध्ये अमेरिकन फेंडर बेसमनचा नकाशा समोर ठेवून अँप बनवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सच्या अल्बमसाठी एरिक क्लॅप्टन स्टुडिओत असा अँप घेऊन आला आणि त्याने तो स्टेजवरच्याइतका मोठा ठेवायचा हट्ट धरला. अभियंते हवालदिल झाले. पण त्या रेकॉर्डवरचा लेस पॉल गिटारचा आवाज म्हणजेच ‘क्लासिक रॉक टोन’ अशी समजूत पुढची पन्नास-साठ वर्षं टिकली. एकच अडचण होती: तो आवाज शेजाऱ्यांना पळवून लावेल इतक्या जोरावरच मिळायचा. पुढच्या सगळ्या ओव्हरड्राइव्ह पेडलना या एका अडचणीतून धंदा मिळाला.

१९७७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीचं पिवळं ओडी-१ आलं. दोनच खुंट्या. आतले डायोड लहरीच्या वरच्या आणि खालच्या बाजू सारख्या न कापता थोड्या वेगळ्या कापायचे, कारण व्हॉल्व्ह अँपही नेमकं सारखं कापत नाही. १९७९ च्या सुमारास आयबानेझच्या नावाने हिरवं ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ आलं. त्याचं सर्किट मॅक्सॉन कंपनीतल्या सुसुमु तामुरा यांनी आखलं होतं. ४५५८ या अत्यंत साध्या चिपच्या फेऱ्यात दोन डायोड बसवलेले असतात आणि कापलेल्या लहरीसोबत मूळ लहरही बाहेर पडते. शिवाय खर्ज आधीच उतरवलेला असतो, मधली पट्टी पुढे येते. नुसतं ऐकलं तर ते थोडं नाकातलं वाटतं. बेस आणि ड्रम यांच्यामधून मात्र तेच वाट काढतं. स्टीव्ही रे व्हॉन हे पेडल वाजवायचा, पण त्याच्यामागे मोठे फेंडर अँप असायचे, हे विकत घेणारे सोयीने विसरतात.

निवडीचा घोळ इथेच होतो. ट्यूब स्क्रीमर खुलतं ते उकळीला आलेल्या व्हॉल्व्ह अँपला आणखी ढकलताना. ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त. घरी मात्र बहुतेकांकडे दहा-पंधरा वॅटचा ट्रान्झिस्टर अँप असतो, किंवा गिटार थेट मिक्सरमध्ये जाते. तिथे ढकलायला काही नसतं, आणि हिरवी डबी केविलवाणी वाजते. मग दोष डबीला. अशा ठिकाणी अख्ख्या अँपचीच नक्कल करणारं पेडल घेणं शहाणपणाचं. मार्शलनेच १९८८ मध्ये ‘गव्हर्नर’ काढलं ते याच हेतूने, आणि १९९१ चं त्यांचं ‘ब्लूजब्रेकर’ तर क्लॅप्टनच्या त्या अँपच्या नावावरच आहे. ज्याच्याकडे चांगला व्हॉल्व्ह अँप आहे त्याने ओडी-१ चा धाकटा भाऊ एसडी-१ घेतला तरी भागतं. टोनची खुंटी वाढवून १९८१ मध्ये आलेलं ते पेडल अजूनही बनतं आणि स्वस्तात मिळतं. १९९४ च्या क्लॉन सेंटॉरसाठी लोक आज लाखांत पैसे मोजतात. तो संग्राहकांचा खेळ, टोनशी त्याचा संबंध थोडाच. आणि एक चूक नवशिक्यांची हमखास: ड्राइव्हची खुंटी तीन चतुर्थांश फिरवणं. जुन्या रेकॉर्ड लक्ष देऊन ऐकल्या तर खर अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते. एसी/डीसीचा अँगस यंग तर पेडलच वापरत नाही म्हटलं तरी चालेल.

मुंबईत हा आवाज पोचला तेव्हा पेडल सहज मिळत नव्हती. आयात महाग, परदेशातून कुणी आणून दिलं तरच. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबमध्ये स्थानिक वादकांची उसनी वाद्यं घेऊन वाजवून गेले. पुढे १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन उभा राहिला, तोच नंतर इंडस क्रीड झाला; त्यात महेश तिनईकर गिटार वाजवायचा. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या मैफली झाल्या. या मंडळींचा प्रेक्षक इंग्रजी गाणी ऐकणारा होता, संख्येने मोजका.

लाखोंच्या कानांवर फाटलेल्या तारेचा आवाज पोचवला तो वेगळ्याच वाद्याने. बेंजोने. मुंबईच्या गल्ल्यांत आणि कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी निघते, तिच्यातलं हे वाद्य अमेरिकन बँजोशी फक्त नावाने जुळतं. त्याचं मूळ जपानचं. १९१२ मध्ये नागोयात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या कळा पाहून ताइशोगोतो नावाचं तंतुवाद्य काढलं: डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. ते निर्यात होऊन भारतात बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात बेंजू झालं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही गेलं. इथे कुणीतरी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला. ढोल, ताशा आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात चिमुकली लोखंडी तार क्षणात विरते. तिला लांबवायची, शहनाईसारखी चढवायची, तर आवाज फाडावाच लागतो. म्हणून बेंजोवाले गिटारचा प्रोसेसर जोडतात आणि ट्रॉलीवरच्या जनरेटरवर चालणाऱ्या स्पीकरमधून गाण्याचा मुखडा असा काढतात की चौथ्या गल्लीतल्या माणसालाही कळतं, कोणतं गाणं सुरू आहे. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी या मंडळींवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला.

ट्यूब स्क्रीमर विकणाऱ्या आयबानेझची मालक कंपनी होशिनो गाक्की. १९०८ मध्ये एका पुस्तकाच्या दुकानाचा वाद्यविभाग म्हणून तिची सुरुवात झाली. तिचं गावही नागोयाच.