साथीची बातमी आणि राज्यसंस्थेचा नायक

इलिया कझान यांच्या 'पॅनिक इन द स्ट्रीट्स' (१९५०) या चित्रपटाचा विचार बहुधा गुन्हेपटांच्या परंपरेत केला जातो. न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात एका परदेशी माणसाचा खून होतो. त्याला न्यूमोनिक प्लेग झाला होता, असे शवतपासणीत उघड होते. आणि सरकारी आरोग्यसेवेतील डॉ. क्लिंटन रीड व पोलीस कप्तान टॉम वॉरन यांच्या हाती मारेकऱ्यांना शोधण्यासाठी ४८ तास उरतात. मारेकरीच आता रोगाचे संभाव्य वाहक असल्यामुळे वैद्यकीय शोध आणि पोलिसी तपास एकरूप होतात. या चतुर रचनेतच चित्रपटाची विचारप्रणाली दडलेली आहे.

रीड आणि वॉरन यांच्यातील ज्ञान विरुद्ध दंडसत्ता हा संघर्ष वरवरचा आहे. तो यथाकाल मैत्रीत विरघळतो. खरा संघर्ष शहराला सांगावे की नाही, हा आहे. बातमी फुटली तर मारेकरी पळतील आणि रोग देशभर नेतील, हा रीडचा युक्तिवाद. त्यासाठी वॉरन एका बातमीदाराला कोठडीत टाकतो आणि चित्रपटाची सहानुभूती वॉरनच्या बाजूने राहते.

परंतु संहिता स्वतःलाच छेद देते. 'नाइल क्वीन' या जहाजाचा कप्तान सहकार्य नाकारतो, तेव्हा रीड थेट खलाशांशी बोलतो, त्यांच्या जिवाला धोका असल्याचे सांगतो. खलाशी बुजत नाहीत, पळत नाहीत. लस टोचून घेतात, माहिती देतात. संपूर्ण चित्रपटात नेतृत्व म्हणावे असे काही घडते ते एवढ्या एकाच प्रसंगात. याउलट शहरातला उपाहारगृहचालक मेफारिस मृताला ओळखत नसल्याचे सांगतो आणि पुढे त्याची पत्नी रीटा मरते. जहाजावर उपयोगी पडलेले सत्य शहराला का नाकारले गेले, हा प्रश्न चित्रपट स्वतःला विचारत नाही.

शीतयुद्धातील परकीयभयाचे रूपक म्हणून हा चित्रपट वाचता येतो. कझान यांनी १९५२ मध्ये चौकशी समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे घेतली, हे ठाऊक असल्यावर तसे वाचन मोहक वाटते. पण मागाहून घडलेल्या घटनेने आधीच्या कलाकृतीचा अर्थ ठरवणे पद्धतीच्या दृष्टीने सैल आहे. मराठी प्रेक्षकाची अडचण निराळी आहे. पुण्यातील प्लेगच्या घरझडत्यांची आणि रँडच्या हत्येची स्मृती त्याच्याजवळ असते. जयू व नचिकेत पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या चित्रपटाने ती पडद्यावरही आणली. साथीच्या नावाने दार ठोठावणारा अधिकारी त्याला सहजासहजी नायक वाटत नाही.

स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या 'कंटेजन'मध्ये (२०११) गुप्ततेला आतूनच तडा जातो. रोगनियंत्रण केंद्राचे डॉ. एलिस चीव्हर शिकागो बंद होण्यापूर्वी आपल्या वाग्दत्त वधूला निघून यायला सांगतात. लोकांपासून राखलेले मौन घरच्या माणसासाठी मोडते, हे निदान येथे मान्य केलेले आहे. मात्र अधिकृत मौनाला जाहीर आव्हान देणारा क्रमवीड हा खोट्या औषधाचा प्रचारक ठरवून पटकथा तो विरोध सोयीस्करपणे बदनाम करते. चीव्हर अखेरीस स्वतःच्या वाट्याची लस सफाई कामगाराच्या मुलाला देतात. प्रसंग हृद्य आहे. पण ज्या शहराला वेळेवर सांगितले गेले नाही, त्याचा हिशेब एका खाजगी औदार्यात मिटवला जातो. त्या कामगाराला कोणी काही विचारलेले नसते.