विजेतेपदानंतरची वर्षे

खेळाडूच्या विजयाचा इतिहास आवर्जून लिहिला जातो. विजयानंतरच्या वर्षांचा क्वचितच. अमेरिकन टेनिसपटू ॲल्थिया गिब्सन हिचे चरित्र आम्हांस म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

तिचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यात, कापसाच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबात झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ती वाढली. राष्ट्रीय टेनिस स्पर्धेची दारे त्या काळी कृष्णवर्णीयांना बंद होती. १९५० साली ॲलिस मार्बल या गौरवर्णीय माजी विजेतीने या अन्यायावर जाहीर टीका केली आणि त्याच वर्षी गिब्सनला प्रवेश मिळाला. १९५५-५६ मध्ये अमेरिकी सरकारच्या सद्भावना दौऱ्यात ती भारतातही येऊन गेली. १९५६ साली तिने फ्रेंच अजिंक्यपद पटकावले. १९५७ व १९५८ या दोन्ही वर्षी विंबल्डन आणि अमेरिकन अजिंक्यपदे तिच्याकडेच राहिली. न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली.

परंतु ते हौशी टेनिसचे युग होते. विजेत्यास मान मिळे, धन नव्हे. चरितार्थासाठी ती व्यावसायिक झाली आणि नियमानुसार प्रमुख स्पर्धांना मुकली. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांपूर्वी ती प्रदर्शनीय टेनिस खेळे. १९६४ साली महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यात उतरणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तेथेही काही क्लबांनी तिला आत पाऊल टाकू दिले नाही. व्यावसायिकांना मोठ्या टेनिस स्पर्धा खुल्या झाल्या त्या १९६८ मध्ये. तेव्हा तिने चाळिशी गाठली होती. पुढे न्यू जर्सी राज्याची क्रीडा आयुक्त म्हणून तिची नेमणूक झाली. पण हाती अधिकार नाही आणि निधीही नाही, हे पाहून तिने ते पद सोडले.

उतारवयात पक्षाघाताने व औषधोपचारांच्या खर्चाने ती विपन्नावस्थेस पोचली. तेव्हा धावून आली ती अँजेला बक्स्टन ही इंग्रज ज्यू खेळाडू, १९५६ च्या विंबल्डन दुहेरीतील तिची विजयी जोडीदारीण. तिच्या खटपटीने ठिकठिकाणच्या टेनिसप्रेमींकडून निधी जमला. २८ सप्टेंबर २००३ रोजी गिब्सन निवर्तली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय टेनिस केंद्रात तिचा पुतळा उभा राहिला. २०२५ साली पाव डॉलरच्या नाण्यावर तिची प्रतिमा आली.

निवृत्तिवेतनाची शाश्वती असलेल्या आम्हां नोकरदारांस या कथेतील विसंगती विशेष जाणवते. पुतळा आणि नाणे यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि, ज्या वर्षी औषधाला पैसे नव्हते त्या वर्षी आलेली मदत अधिक मोलाची होती. आणि ती एका जुन्या मैत्रिणीच्या पुढाकाराने आली. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आपल्या मंडळानेही, सत्काराच्या शाली आणण्यापूर्वी आपली जुनी माणसे आज कोठे आहेत आणि कशी आहेत, याची चौकशी अवश्य करावी.