‘तीन नमुने पास’ म्हणजे बंधाऱ्याची दुरुस्ती टिकणार का?

माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश. साताऱ्यातला माण असो की सांगलीतला आटपाडी, ओढ्यावरच्या सिमेंट बंधाऱ्यात अडलेल्या पाण्यावर आसपासच्या विहिरी तग धरतात. बंधाऱ्याला भेग पडली की ती मॉर्टर किंवा ग्राउटने बुजवतात. समजा, सोबत अहवाल आला : तीन नमुने तपासले, तिन्ही पास. त्यावर किती विसंबायचं?

तीन नमुने काय सांगतात?

धरून चाला, २० टक्के माल कच्चा आहे. तरीही कुठूनही उचललेले तिन्ही नमुने पास होण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के. थोडक्यात, छापा-काटा! १० नमुने घेतले तर ही शक्यता ११ टक्क्यांवर येते. ‘किमान ९५ टक्के माल चांगला आहे’ हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं, तर ५९ नमुने लागतात आणि त्यातला एकही नापास होऊन चालत नाही.

मजबुती म्हणजेच टिकाऊपणा का?

नाही. २८ दिवसांनी क्यूब दाबून मजबुती कळते. टिकाऊपणाच्या चाचण्यांचे आकडे जास्त वर-खाली होतात. काँक्रीटमध्ये क्लोराइड किती शिरतं, याचा अंदाज देणारी अमेरिकी ‘एएसटीएम सी १२०२’ चाचणी घ्या. ६० व्होल्टवर ६ तास वीज सोडतात. एकाच मालाच्या दोन प्रयोगशाळांतल्या निकालांत ५१ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असं हे मानकच सांगतं.

शिवाय क्लोराइडचा धोका मुख्यतः समुद्रकाठी. माणमध्ये बंधारा पावसाळ्यात भिजतो, उन्हाळ्यात तापतो. जुनं काँक्रीट आणि नवा थर कमी-जास्त आकसले की सांधा सुटतो.

गावाने काय विचारायचं?

• नमुने किती आणि कुठले? बंद पोत्यातले की जागेवर कालवलेल्या मालाचे?
• नुसती सरासरी नको, प्रत्येक नमुन्याचा आकडा दाखवा.
• नव्या थराची जुन्या काँक्रीटवरची पकड जागेवर ओढून तपासली का?

५९ नमुने परवडणार कसे?

एका छोट्या बंधाऱ्याला नाहीच परवडणार. पण तोच माल, तीच पद्धत वापरून २० बंधारे दुरुस्त झाले आणि प्रत्येकाच्या ३ नमुन्यांची नोंद एकत्र ठेवली, तर ६० होतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर कुठे गळती लागली, हेही त्याच वहीत लिहा. पुढच्या दुरुस्तीचा माल निवडताना ही वही कामी येईल.