चेहराभास (छायाचित्रांतील)

छायाचित्रात माणूस नसताना एखाद्या वस्तूच्या जागी चेहरा असल्याचा संगणकीय प्रणालीचा चुकीचा कौल. विजेचे सॉकेट, मोटारीचे पुढचे दिवे व जाळी, घराचे दार आणि त्यावरच्या दोन खिडक्या, झाडाच्या खोडावरील गाठी यांबाबत असा कौल मिळू शकतो. चेहरा कोठे आहे हे शोधणे आणि तो कोणाचा हे ओळखणे ही दोन वेगळी कामे होत. हा दोष पहिल्या कामातला. पण तो तेथेच पकडला नाही, तर त्या वस्तूवर माणसाचे नावही चिकटते.

कारणे : पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे चेहरे झटपट शोधणे शक्य झाले. या पद्धतीत २४ × २४ पिक्सेलांची मूळ चौकट वेगवेगळ्या आकारांत चित्रभर फिरवून लगतच्या आयतांमधील उजेडाचा फरक मोजतात. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद आणि नाकाचा उंचवटा डोळ्यांपेक्षा उजळ असतो, हा तिचा आधार. मूळ प्रणालीत चौकटी पारखणाऱ्या एकापुढे एक ३८ चाळण्या होत्या. पहिली चाळणी अगदी साधी होती. एका चित्रात हजारो चौकटी तपासल्या जातात, त्यामुळे चुकीचे प्रमाण अत्यल्प असले तरी एखादी फसवी चौकट शेवटपर्यंत तरते. प्रणाली माणूस जाणत नाही. ती छायाप्रकाशाची मांडणी जाणते.

उपाय व मर्यादा : कसोटी कडक केली, तर आभास घटतात, पण अंधारातले, तिरपे वा अर्धे झाकलेले खरे चेहरे निसटतात, सैल केली, तर उलट घडते. लगतच्या अनेक चौकटींचा कौल जुळला तरच तो ग्राह्य धरणे, हा एक उपाय. पुढे आलेल्या बहुस्तरीय न्यूरल जाळ्यांनी चुका कमी केल्या, संपवल्या नाहीत.

मानवी साम्य : माणसालाही ढगांत, भिंतींवर चेहरे दिसतात, या प्रवृत्तीला ‘पॅरिडोलिया’ म्हणतात. व्हायकिंग १ यानाने २५ जुलै १९७६ रोजी टिपलेला मंगळावरील ‘चेहरा’ ही एक टेकडीच असल्याचे मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या १९९८ व २००१ मधील छायाचित्रांनी दाखवले.

वापर : २००९ मध्ये आयफोटो व पिकासा या प्रणालींतून चेहऱ्यांनुसार छायाचित्रे लावण्याची सोय घरोघरच्या संगणकांवर आली. अशा घरगुती संग्रहात ज्येष्ठागौरीच्या मुखवट्याभोवती प्रणालीने चौकट आखली, तर तिला निव्वळ चूक म्हणता येत नाही. चेहरा तेथे घडवलेलाच असतो. मुखवटा, पुतळा, तसबीर आणि माणूस यांतला भेद मात्र घरच्यांना ठाऊक असतो. म्हणून नाव देण्याचा अखेरचा अधिकार त्यांच्याकडेच असावा.