कॉफीच्या आधीचे कुर्ग

कुर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या हाती साधारणपणे एकच यादी पडते : अब्बी धबधबा, राजा सीट, ओंकारेश्वर मंदिर, मडिकेरीचा किल्ला, गद्दुगे. वेळ उरलाच तर नालकनाडचा वाडा. गाडीवाल्याच्या सोयीने ही ठिकाणे उलटसुलट क्रमाने पाहिली जातात आणि परतताना प्रत्येकाच्या पिशवीत कॉफीची पुडी असते. हीच स्थळे कालक्रमाने लावली, तर मात्र एका राज्याच्या अखेरच्या पन्नास वर्षांचा इतिहास त्यांतून सलग वाचता येतो.

कोडगूवर हालेरी घराण्याने दोन शतकांहून अधिक काळ राज्य केले. राजे वीरशैव, प्रजेत कोडव प्रमुख. 1681 मध्ये मुद्दुराजाने राजधानी मडिकेरीला आणली आणि तेथे मातीचा किल्ला बांधला. पुढे टिपू सुलतानाने तो दगडात बांधून त्याला ‘जाफराबाद’ असे नाव दिले. टिपूने असंख्य कोडवांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. त्यांच्या आकड्यांबद्दल आजही वाद आहे. पण त्या घटनेची जखम कोडगूत अजून ओली आहे. राजपुत्र दोड्ड वीरराजेंद्र स्वतः पेरियापट्टणच्या कैदेत होता. 1788 मध्ये तो तेथून निसटला आणि दोन वर्षांत त्याने आपला मुलूख परत मिळवला.

येथे मुंबईचा संबंध येतो. 1790 मध्ये वीरराजेंद्राने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि जनरल अ‍ॅबरक्रॉम्बीच्या मुंबई फौजेला मलबार किनाऱ्यावरून घाट चढून म्हैसूरकडे जाण्यास आपल्या मुलखातून वाट दिली. या भेटीची आठवण म्हणून वसवलेले गाव म्हणजे आजचे विराजपेट. त्याच सुमारास, 1792 मध्ये, तडियांडमोल डोंगराच्या पायथ्याशी त्याने नालकनाडचा वाडा बांधला. दाट झाडीत दडलेला हा दुमजली वाडा पाहताना राजवैभवापेक्षा सावधपणाच अधिक जाणवतो. कैद भोगलेल्या माणसाने निवडलेली ही जागा आहे.

मडिकेरीजवळच्या गद्दुगे येथे याच राजाची आणि राणी महादेवम्माजीची समाधी आहे. घुमट आणि कोपऱ्यांवरचे मनोरे पाहून अनेकजण तिला मुसलमानी कबर समजतात. पण वर नंदी बसलेले दिसतात. लिंगायत समाजात दफनाची रीत आहे, हे सोलापूर-लातूरकडच्या वाचकांना सांगायला नको. जवळच लिंगराजेंद्राची समाधी आहे. 1820 मध्ये त्याने बांधलेल्या ओंकारेश्वर मंदिरावरही घुमट आणि चार मिनार आहेत. टिपूशी प्राणपणाने लढलेल्या घराण्याने म्हैसूरकडच्या मुसलमानी वास्तुशैलीचा विटाळ मानला नाही, ही गोष्ट आजच्या वातावरणात मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. या मंदिरातले लिंग काशीहून आणले, असे परंपरा सांगते.

लिंगराजेंद्राचा मुलगा चिक्क वीरराजेंद्र हा शेवटचा राजा. त्याच्या क्रूरपणाच्या कथा इंग्रजांनी भरपूर लिहून ठेवल्या आणि त्या सर्वच खोट्या म्हणता येत नाहीत. 1834 च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या फौजा कोडगूत शिरल्या. राजाचा अखेरचा आश्रय नालकनाडच होता. 7 मे 1834 च्या जाहीरनाम्यात, रहिवाशांच्या एकमुखी इच्छेवरून राज्य ताब्यात घेत असल्याचे कंपनीने म्हटले. पण तीनच वर्षांनी पुत्तूर-सुळ्य भागात उठाव झाला. पूर्वी कोडगूच्या राजाकडे असलेला हा भाग कॅनरा जिल्ह्याला जोडला होता आणि धान्यरूपाने दिला जाणारा सारा रोखीने मागितला जात होता. उठावाचा एक नेता गुड्डेमने अप्पय्या गौडा याला 1837 मध्ये मडिकेरीत फाशी झाली. उठाव मोडायला कोडव दिवाणांनी इंग्रजांना मदत केली, हेही तितकेच खरे. ‘एकमुखी इच्छा’ हे शब्द या दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचावे लागतात.

राजाला काशीला पाठवले. 1852 मध्ये तो मुलगी गौरम्मा हिला घेऊन इंग्लंडला गेला. तेथे तिचा बाप्तिस्मा झाला आणि राणी व्हिक्टोरिया तिची धर्ममाता झाली. राजाने मात्र आपल्या पैशासाठी कंपनीवरच दावा लावला. 1859 मध्ये तो लंडनमध्ये वारला, दावाही बुडाला. त्याच सुमारास इकडे मडिकेरीच्या किल्ल्यातले वीरभद्राचे मंदिर हटवून सेंट मार्क चर्च उभे राहिले होते. आज त्या चर्चच्या इमारतीत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट काढून आत जाणारा पर्यटक एकाच जागी मंदिर, चर्च आणि संग्रहालय असे तीन काळ ओलांडतो.

आणि कॉफी? राजांच्या काळात नालकनाडच्या आसपास थोडीफार झाडे असल्याचे सांगतात. पण मडिकेरीजवळ फाउलर या गोऱ्या मळेवाल्याने पहिला मळा काढला तो 1854 मध्ये, म्हणजे राज्य गेल्यावर वीस वर्षांनी. मागून आलेल्या मळेवाल्यांनी रान सरसकट तोडले. 1860 नंतरच्या दशकात खोडकिड्याने मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा सावलीचे महत्त्व पटले. आज कॉफीवर सावली धरणारी उंच झाडे, त्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि ऑस्ट्रेलियाहून आलेला सिल्व्हर ओक पाहून आपण ‘काय जंगल आहे!’ म्हणतो. ते बहुतांशी राखलेले आणि लावलेले रान आहे. अब्बी धबधब्याभोवतीही मळेच आहेत. ‘अब्बी’ म्हणजे तिथल्या भाषेत धबधबाच. इंग्रजांनी त्याला जेसी हे नाव दिले होते. ते पुसले गेले. पण पाटीवर ‘अ‍ॅबी’ वाचून तेथे एखादा ख्रिस्ती मठ असावा असे समजणारे अजून भेटतात.

कन्नडमध्ये मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांनी ‘चिक्कवीर राजेंद्र’ ही कादंबरी लिहिली आणि 1983 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यामुळे कन्नड वाचक मडिकेरीला जातो तो हा राजा मनात घेऊन. आपण जातो ते हवा आणि कॉफी यांसाठी. त्यात गैर काही नाही. मात्र देशातली सर्वाधिक कॉफी पिकवणारा हा जिल्हा एकेकाळी स्वतंत्र राज्य होता आणि 1956 पर्यंत स्वतंत्र भारतातही वेगळे राज्य म्हणून नांदला, एवढे ठाऊक असेल तर यादीतली ठिकाणे नुसती छायाचित्रांपुरती उरणार नाहीत. प्रवास आखताना नालकनाडला शेवटी उरलेला तास न देता पहिला दिवस द्यावा; पुढची सगळी ठिकाणे मग आपोआप उलगडत जातात.